सर्दी-जुलाबानंतर बाळाचं पोट अडलं तर: आतड्यात आतडं शिरल्याचं ओळखावं कसं आणि करावं काय

तीन महिने ते तीन वर्षं वयाचं, एरवी ठणठणीत बाळ अचानक किंचाळून रडतं, पाय पोटाशी ओढून घेतं, एक-दोन मिनिटांत गप्प होतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा हुबेहूब तसंच रडतं. अशा रडण्याला दात, गॅस किंवा नजर असं काही नाव देण्याआधी आतड्यात आतडं शिरलेलं नाही ना, हे बघावं लागतं. डॉक्टर याला इंटससेप्शन म्हणतात. या वयात आतडं अडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. पहिल्या चोवीस तासांत बाळ योग्य जागी पोचलं, तर बहुतेकांचं काम ऑपरेशनशिवाय, गुदमार्गातून हवा किंवा सलाईन सोडून होतं. उशीर झाला की तेच आतडं काळं पडतं आणि कापावं लागतं.

विषाणूचा यात काय संबंध

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे ते मोठ्या आतड्याला मिळतं त्याच्या अलीकडे, भिंतीत लसिकाग्रंथींचे पुंजके असतात. गळ्यातले टॉन्सिल करतात तेच काम हे पुंजके आतड्यात करतात. विषाणू आला की ते सुजतात. तान्ह्या बाळात आतड्याची पोकळी अरुंद असते, त्यामुळे सुजलेला पुंजका आत डोकावतो. अन्न पुढे ढकलणारी आतड्याची लाट त्या उंचवट्याला पकडते आणि भिंतीसकट पुढे ओढते. शर्ट काढताना बाही आत ओढली जाते, तसा लहान आतड्याचा शेवट मोठ्या आतड्यात सरकत जातो.

संबंध सगळ्यात पक्का दिसतो तो ॲडिनोव्हायरसशी. हा विषाणू सर्दी, घसा, डोळे येणं, ताप, जुलाब यांपैकी काहीही घडवू शकतो. आजार बरा झाल्यावरही तो शीमधून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून पोट अडतं तेव्हा सर्दी-ताप चालूच असेल असं नाही, आठ-पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेलेलाही असू शकतो. डॉक्टरांना सांगताना 'आत्ता काही नाही हो, मागच्या आठवड्यात सर्दी होती' हे वाक्य गाळू नका. एन्टेरोव्हायरस आणि आणखी काही विषाणूंचीही नावं या यादीत येतात. अर्थात सर्दी-जुलाब झालेल्या बाळांपैकी फारच थोड्यांच्या बाबतीत असं होतं, त्यामुळे प्रत्येक सर्दीला घाबरून जायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त बाळं चार ते दहा महिन्यांची असतात, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त दिसतं. अंगानं भरलेल्या, दूध नीट पिणाऱ्या बाळांनाही होतं, म्हणून 'आमचं बाळ तर गुटगुटीत आहे' हा दिलासा इथे कामाचा नाही. पाच वर्षांपुढच्या मुलात असं झालं तर आतड्यात जन्मजात कोंब, मस्सा किंवा गाठ आहे का, हे शोधावं लागतं. लहान बाळात मात्र दहातल्या नऊ वेळा असं काही सापडत नाही.

रडणं घड्याळ लावून बघा

निदानाची अर्धी वाट इथेच संपते, आणि ते काम घरच्यांइतकं चांगलं कुणालाच जमत नाही. ओपीडीत बाळ पाच मिनिटं तपासलं जातं. त्या पाच मिनिटांत कळ आली नाही तर डॉक्टरांना दिसतं ते शांत, हसरं बाळ. मग 'गॅस असेल' म्हणून थेंब लिहून दिले जातात. म्हणून मोबाईलमध्ये वेळा टिपा आणि एका कळेचा व्हिडिओ घ्या. टिपण साधारण असं असावं:

दुपारी २.१०: झोपेतून किंचाळून उठलं, पाय पोटाशी, चेहरा पांढरा. २ मिनिटं.
२.१२: गप्प. अंगावर घ्यायला गेलं तर तोंड फिरवलं.
२.३०: पुन्हा तसंच. उलटी, दुधाची.
२.४८: पुन्हा. या वेळी मध्ये खेळलं नाही, नुसतं पडून होतं.
३.१५: कळ, उलटी पिवळट-हिरवी. सकाळपासून एकच शी, साधी.

हे एवढंसं टिपण दाखवलं की डॉक्टर थेट सोनोग्राफी लिहितात. त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, कळांमधलं अंतर: सुरुवातीला पंधरा ते तीस मिनिटं असतं, नंतर कमी होत जातं. दुसरी, कळ आल्यावर चेहऱ्याचा रंग. गॅसनं रडणारं बाळ लाल होतं, या कळेत ते बहुतेक वेळा पांढरंफटक पडतं. तिसरी, दोन कळांच्या मधलं बाळ. पहिले काही तास ते अगदी नेहमीसारखं वाटतं आणि सगळ्यांना फसवतं. पुढे मधल्या वेळात ते मलूल होतं, नजर लावत नाही, झोपाळल्यासारखं पडून राहतं.

मलूलपणाचं आणखी थोडं सांगायला हवं. काही बाळं रडतच नाहीत. किंचाळणं नाही, रक्त नाही, फक्त गळून गेलेलं, पांढरट, हाक मारल्यावर जेमतेम डोळे उघडणारं बाळ. अशा बाळाला मेंदूज्वर किंवा रक्तात जंतुसंसर्ग समजून उपचार सुरू होतात, आणि ते चूक म्हणता येत नाही, कारण तेही वगळावंच लागतं. पण कारण सापडत नसेल तर पोटाची सोनोग्राफी झाली आहे का, हे आई-वडिलांनी विचारायला हरकत नाही.

उलटी आणि शी काय सांगतात

पहिल्या उलट्या दुधाच्या किंवा खाल्लेल्या अन्नाच्या असतात, त्यावरून काही ठरत नाही. उलटी हिरवी झाली की ठरतं. हिरवा रंग पित्ताचा असतो, आणि लहान बाळात त्याचा अर्थ रस्ता खाली कुठेतरी बंद आहे असा धरून चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. पांढऱ्या कापडावर किंवा दुपट्यावर उलटी घेतली तर रंग नीट कळतो. ते दुपटं धुवू नका, पिशवीत घालून सोबत न्या. फोटोत रंग बदलतो.

शीच्या बाबतीत गफलत जास्त होते. आतडं वर अडलं तरी खालच्या भागात जे साठलेलं असतं ते बाहेर पडतंच. त्यामुळे सुरुवातीला एक-दोन पातळ शी होतात आणि घरचे म्हणतात, 'शी झाली ना, मग पोट कुठे अडलंय?' रक्त आणि शेंबूड मिसळलेली, गडद लाल, चिकट शी येते ती नंतर, आतड्याच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दबून रक्त पाझरायला लागल्यावर. कळा, पोटात गोळा आणि रक्ताची शी ही पुस्तकी तिन्ही लक्षणं एकत्र दिसतात ती निम्म्याहून कमी बाळांत. रक्त दिसण्याची वाट बघणं म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडण्याची वाट बघणं.

आणि रक्त दिसलंच, तर आपल्याकडे त्याला चटकन 'आव पडली' म्हणतात. मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलची बाटली येते आणि दीड-दोन दिवस त्यात जातात. आवेत ताप असतो, शी वारंवार आणि थोडी थोडी होते, प्रत्येक वेळी कुंथणं असतं. इथे उलट्या आधी, शी मोजकी, कळा ठरावीक अंतरानं, आणि मध्ये मलूलपणा. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या शीत रक्त आणि सोबत उलट्या, एवढ्यावर सोनोग्राफी झालीच पाहिजे, आवेचं औषध चालू असलं तरी.

साध्या विषाणूजन्य जुलाबातही पोट फुगून शी बंद होऊ शकते. खूप जुलाब होऊन पोटॅशियम उतरलं की आतड्याची हालचालच मंदावते. तिथे कळा येत नाहीत, पोट ढोलासारखं फुगतं आणि गुरगुर थांबते. जुलाब थांबवणारं लोपरामाइड लहान बाळाला दिलं तरी हेच होतं. त्यावर उपचार वेगळे आहेत, पण घरी थांबायचं नाही हे त्यालाही लागू.

वयावरूनही थोडं ओळखता येतं. महिन्याच्या आतल्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडल्याची शंका, तिथे तासही मोजायचा नसतो. तीन ते आठ आठवड्यांचं बाळ दूध पिऊन लगेच लांब फवारा मारून पांढरी उलटी करत असेल, तर जठराचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. आणि कुठल्याही वयात रडणाऱ्या बाळाचा डायपर पूर्ण उघडून जांघा बघा. तिथे कडक, दुखरा फुगवटा असेल तर हर्निया अडकला आहे. ही एक नजर टाकायची राहून जाते, घरीही आणि दवाखान्यातही.

घरी काय द्यायचं नाही

हिरवी उलटी, रक्ताची शी, फुगलेलं पोट किंवा मलूलपणा, यातलं एक जरी असलं तरी तोंडानं काहीही नाही. पाणी नाही, ओआरएस नाही, दूधही नाही. अडलेल्या आतड्यात जे जाईल ते वर येणार, आणि गळालेल्या बाळाच्या छातीत उतरण्याची भीती. आईनं दूध पिळून काढत राहावं म्हणजे ते आटणार नाही. शेवटचं दूध किती वाजता पाजलं ते लिहून ठेवा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते लागतं. बाळ फक्त रडतंय, उलटी नाही, मधल्या वेळात खेळतंय, तर डॉक्टरांकडे जाईपर्यंत अंगावर पाजायला हरकत नाही.

बाळघुटी, एरंडेल, ग्राईप वॉटर यांचा इथे उपयोग शून्य. एरंडेलानं आतड्याची लाट वाढते, म्हणजे ओढणाऱ्याला आणखी जोर. पोटदुखीचे डायसायक्लोमिनचे थेंब घरात शिल्लक असतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते श्वासाला धोका करतात म्हणून द्यायचेच नसतात, आणि मोठ्या बाळातही ते कळ थोडी दाबून निदान लांबवतात. उलटी थांबवणारं औषध घरच्या घरी देऊ नका. गुदद्वारात साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचा देठ घालू नका. पोट चोळू नका. हिंगाचा लेप तसा निरुपद्रवी, पण तो वाळेपर्यंत तासभर बघत बसायची सवय घातक.

मेळघाटात आणि इतर काही आदिवासी भागांत पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडानं चटके देतात. फुगणारं पोट आत काहीतरी अडल्याची खूण असते, हे तिथल्या जाणत्या म्हाताऱ्यांनीही ओळखलेलं आहे. उपाय मात्र जखम आणि जंतुसंसर्ग एवढीच भर घालतो. आशाताईंनी भांडत बसण्यापेक्षा 'पोट फुगलंय ना, मग आत्ताच निघू' या मुद्द्यावर घरच्यांना उठवावं, ते जास्त लवकर जमतं.

निघताना

निघण्याआधी दोन प्रश्न फोनवर विचारा: तान्ह्या बाळाची सोनोग्राफी आत्ता होईल का, आणि लहान मुलांचा सर्जन उपलब्ध आहे का. दोन्हीला हो म्हणणारं ठिकाण तासभर लांब असलं तरी, दोन्हीला नाही म्हणणाऱ्या जवळच्या दवाखान्यापेक्षा बरं. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, मुंबईत परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा ठिकाणी लहान मुलांची शस्त्रक्रिया होते. बाळ गळालेलं असेल, हातपाय गार असतील किंवा पल्ला लांबचा असेल तर स्वतःच्या गाडीनं थेट न जाता १०८ बोलवा किंवा वाटेतल्या सरकारी रुग्णालयात सलाईन लावून पुढे जा.

सोबत लसीकरणाचं कार्ड, उलटीचं दुपटं, शी असलेला डायपर, वेळांचं टिपण, रेशनकार्ड आणि आधार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा काउंटर असतो. बाळ आत गेलं की घरातल्या एकानं तिथे उभं राहायचं, बाकीच्यांनी बाळाजवळ.

प्राथमिक आरोग्य केंद्रावर

इथे निदान पक्कं करायचा हट्ट नको. बाळाला पुढे सुखरूप पोचवायचं, एवढंच काम. हाताला शिरेतून सलाईन, आणि बाळ कोरडं पडलं असेल तर नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट किलोमागे २० मिली. आठ किलोच्या बाळाला १६० मिली झाले. नाडी, हातपायांची ऊब आणि लघवी बघून गरज वाटल्यास पुन्हा. तीव्र कुपोषित बाळाला मात्र हा वेग झेपत नाही. तिथे शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं) असला तरी किलोमागे १५ मिली, तेही तासाभरात, आणि श्वास व नाडीवर लक्ष ठेवून. रक्तातली साखर एकदा तपासा, उपाशी आणि उलट्या करणाऱ्या बाळात ती घसरते. नाकातून ८ नंबरची नळी जठरात घालून तिचं तोंड उघडं सोडा. प्रवासात उलटी छातीत जाण्याचा धोका त्यानं बराच कमी होतो.

पोट एकदाच, दोन कळांच्या मधल्या वेळात, ऊबदार हातानं तपासा. उजवीकडे बरगड्यांखाली लांबट गोळा लागतो, कधी नाभीच्या वर आडवा. बाळ रडत असताना तो सापडत नाही. न सापडला म्हणून काही वगळलंही जात नाही. चिठ्ठीत कळा कधी सुरू झाल्या, उलटीचा रंग, शेवटचं दूध, दिलेलं सलाईन आणि शेवटची लघवी लिहा. 'पोटदुखी, पुढील उपचारार्थ' एवढ्याच ओळीची चिठ्ठी असली तर बाळ मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत मागे पडतं. 'इंटससेप्शनची शंका' हे शब्द ठळक लिहा.

सोनोग्राफीत काय दिसतं

तपासणी दहा मिनिटांची, बाळाला दुखत नाही, भूल लागत नाही. गोळ्याचा आडवा छेद घेतला की एकात एक वर्तुळं दिसतात. सरावलेल्या हातात ही तपासणी क्वचितच चुकते. लहान आतडं मोठ्या आतड्यात शिरलेलं असेल तर गोळ्याचा व्यास बहुधा अडीच-तीन सेंटीमीटर किंवा जास्त असतो.

रिपोर्टमध्ये कधी कधी 'लहान आतड्यातच, छोटं, आपोआप सुटलेलं' असं लिहून येतं. व्यास दोन सेंटीमीटरच्या आत, लांबी थोडी, बाळ खुशाल. जुलाब झालेल्या मुलांच्या तपासणीत हे पुष्कळदा योगायोगानं दिसतं आणि मिनिटांत सुटतं. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही, एनिमाही लागत नाही, लक्ष ठेवावं लागतं. दोन्ही प्रकारांना नाव एकच असल्यानं घरचे विनाकारण घाबरतात, किंवा ऑपरेशनला घाई होते. रिपोर्ट हातात आला की 'मोठ्या आतड्यात शिरलंय की लहानातच?' हा एक प्रश्न विचारा. एक्स-रे काढतात तो मुख्यतः आतड्याला भोक पडून हवा बाहेर आलेली नाही ना, हे बघण्यासाठी.

एनिमानं आतडं कसं सोडवतात

आधी सलाईन, नाकातून नळी, बहुतेक ठिकाणी प्रतिजैविकाचा एक डोस, आणि सर्जन हाकेच्या अंतरावर. पोट लाकडासारखं कडक असेल, भोक पडलं असेल किंवा बाळ शॉकमधून बाहेर येत नसेल तर एनिमा करत नाहीत, थेट ऑपरेशन. फक्त रक्ताची शी झाली आहे किंवा चोवीस तास उलटून गेले आहेत एवढ्यानं एनिमा रद्द होत नाही, यशाची शक्यता मात्र घटते.

आपल्याकडे सोनोग्राफीखाली सलाईननं करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, कारण क्ष-किरण लागत नाहीत. शरीराइतकं कोमट नॉर्मल सलाईन टेबलापासून साधारण १०० सेंटीमीटर उंचीवर टांगतात. गुदद्वारातून फुग्याची जाड नळी घालून दोन्ही कुल्ले चिकटपट्टीनं घट्ट आवळतात. इथेच गळती झाली तर दाब चढत नाही आणि प्रयत्न वाया जातो. अपयशाचं हे सगळ्यात साधं कारण. पाणी मोठ्या आतड्यातून मागे चढतं, शिरलेल्या टोकाला उलट दिशेनं ढकलतं, आणि पडद्यावर गोळा मागे सरकताना दिसतो. तीन मिनिटं दाब, मग पाणी सोडून विसावा, असे साधारण तीन प्रयत्न. हवेनं केलं तर दाब ८० मिमी पाऱ्यापासून सुरू करून १२० च्या वर नेत नाहीत. त्यापुढे भोक पडण्याचा धोका.

गोळा नाहीसा होणं पुरेसं नाही. पाणी किंवा हवा दोन्ही आतड्यांच्या जोडावरच्या झडपेतून लहान आतड्यात भसकन शिरताना दिसली पाहिजे, तेव्हाच सुटलं म्हणायचं. सुजलेली झडप काही काळ छोट्या गोळ्यासारखी दिसते आणि तिलाच अर्धवट राहिलेलं समजण्याची चूक होते. गोळा बराच सरकला पण पूर्ण सुटला नाही आणि बाळ स्थिर आहे, तर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत थांबून पुन्हा प्रयत्न करता येतो. मधल्या वेळात सूज थोडी उतरते. 'पुन्हा करतायत म्हणजे बिघडलं' असा अर्थ घरच्यांनी काढू नये.

वेळेवर आलेल्या बाळांत चांगल्या हातांनी ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या आसपास यश मिळतं. भोक पडण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी. तरीही हवेनं करताना मोठ्या जाडीची सुई हाताशी ठेवतात, कारण भोक पडून हवा पोटात भरली तर श्वास कोंडतो आणि ती तिथल्या तिथे काढावी लागते.

ऑपरेशन लागलं तर

पोट उघडून सर्जन शिरलेलं टोक खालच्या बाजूनं दाबत दाबत मागे सरकवतात. वरून ओढत नाहीत, सुजलेलं आतडं ओढलं की फाटतं. सुटल्यावर त्याला कोमट ओलं कापड गुंडाळून काही मिनिटं रंग परतण्याची वाट बघतात. गुलाबी झालं तर तसंच आत, काळं राहिलं तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडतात. बऱ्याचदा अपेंडिक्सही काढून टाकतात. मग पुढे कधी पोट दुखलं आणि व्रण दिसला तर गोंधळ नको, म्हणून काढलं की नाही हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय का ते बघा. पोट उघडलेल्या मुलाला पुढे कितीही वर्षांनी हिरवी उलटी आणि पोटदुखी झाली, तर चिकटलेल्या आतड्याची शंका घेऊन तपासावं लागतं.

सुटल्यानंतरचे दोन दिवस

एनिमानंतर काही तासांत बाळ गाढ झोपतं. ताप येऊ शकतो, त्यानं दचकू नका, पण नर्सना सांगा. अंगावरचं दूध कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतात, बहुधा काही तासांतच. एनिमानं सुटलेल्या साधारण दहातल्या एका बाळाला हे पुन्हा होतं, आणि त्यातली बरीच पहिल्या दोन दिवसांत. ऑपरेशननंतर हे प्रमाण बरंच कमी. पुन्हा झालं तरी पुन्हा एनिमाच करतात, लगेच ऑपरेशन नाही. घरी गेल्यावर तीच घड्याळाची युक्ती: दोन कळा एकसारख्या वाटल्या की परत. दूध, बाळाचा वरचा आहार, झोपवण्याची पद्धत यात काही बदल करायची गरज नाही. आईनं काय खाल्लं यामुळे हे झालेलं नाही, हे सासरी एकदा डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवलेलं बरं.

रोटाव्हायरसची लस आणि ही भीती

भीतीला कारण आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली रोटाशील्ड ही पहिली लस साधारण दहा हजारांत एका बाळाला इंटससेप्शन करते असं दिसल्यावर १९९९ मध्ये मागे घेतली गेली. आता वापरात असलेल्या लसी वेगळ्या आहेत. काही देशांत लाखामागे एक ते सहा बाळांना जादा धोका आढळला, मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या आठवड्यात. भारतात रोटावॅक या इथल्याच लसीच्या अभ्यासात असा जादा धोका दिसला नाही. एक कारण वयाचं मानलं जातं: आपल्याकडे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पडतात, आणि इंटससेप्शनचं वय साधारण त्यानंतर सुरू होतं. म्हणून डोस लांबवू नका. 'जरा मोठं होऊ दे' म्हणून थांबवलेला पहिला डोस बाळाला नेमक्या नको त्या वयात नेतो.

लस घेतल्यावर आठवडाभर वर सांगितलेल्या कळांकडे लक्ष ठेवायचं, बाकी काही नाही. रोटाव्हायरसच्या जुलाबानं कोरडं पडून दगावण्याचा धोका या दुर्मीळ शक्यतेपेक्षा कितीतरी मोठा आहे. एक महत्त्वाचा अपवाद: ज्या बाळाला एकदा इंटससेप्शन झालं आहे त्याला रोटाव्हायरसचे उरलेले डोस देत नाहीत, बाकी सगळ्या लसी नेहमीप्रमाणे. म्हणून लसीकरणाच्या कार्डावर तारीख, 'इंटससेप्शन' हा शब्द आणि ते एनिमानं सुटलं की ऑपरेशननं, हे डॉक्टरांच्या सहीनिशी लिहून घ्या. पुढच्या डोसच्या दिवशी उपकेंद्रावरच्या सिस्टरना तोंडी सांगितलेलं पुरत नाही, त्या कार्डच बघतात.